कुंपणापलीकडचा माणूस

तो माणूस आजही कुंपणापलीकडे उभा होता. मोटारसायकलला टेकून, हाताची घडी घालून.

खेळाच्या बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. मैदानात आठवी-नववीच्या मुली धावत होत्या. सगळ्यांत पुढे, नेहमीप्रमाणे, भिंगरी. वर्गातल्या मुलींनीच तिला हे नाव पाडलं होतं. पण कुंपणाजवळचं वळण आलं की भिंगरीची मान खाली जायची, पाय जड व्हायचे. वळण संपलं की पुन्हा सुसाट.

‘घरचा धाक आहे,’ बाई मनाशी म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मुलींना तासभर खेळवायचं, हा उपक्रम बाईंनी हट्टाने सुरू केला होता. पहिल्यांदा मैदान भरून मुली आल्या. मग एकीचं पोट दुखायला लागलं. दुसरीची आई म्हणाली, एवढी घोडी झाली, आता उड्या कसल्या मारते. दोघींना तर वडिलांनी सगळ्यांदेखत हाताला धरून नेलं. आता मुख्याध्यापिकाही वैतागल्या होत्या.

“आणखी एखादी गळाली, तर मैदान मुलांच्या क्रिकेटला देऊन टाकते,” त्यांनी कालच बजावलं होतं. “मग मला बोल लावू नका.”

शाळाशाळांच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. भिंगरीला घरच्यांनी काढून नेलं, तर सगळंच आटोपणार होतं.

बाई कुंपणापाशी गेल्या.

“तुमचीच ना ती, पुढे धावतेय ती?”

माणसाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

“तिला थांबवू नका, एवढंच सांगायला आले. अशी मुलगी रोज मिळत नाही.”

“मी कशाला थांबवू? पळू दे की. बघायला बरं वाटतं.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. भांडायच्या तयारीने आल्या होत्या, मनात जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. “सगळे पालक तुमच्यासारखे असते, तर माझं अर्धं काम हलकं झालं असतं.”

“फक्त मी येतो हा विषय तिच्यापाशी काढू नका,” तो म्हणाला. “बुजते ती.”

त्यानंतर बाई रोज त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागल्या. माणूस मोजकंच बोलायचा, पण आस्थेने विचारायचा. सराव कधी सुटतो, सुट्टीच्या दिवशीही असतो का.

“मी कामात असतो हो,” तो एकदा म्हणाला. “ती घरी कशी जाते, कोणाबरोबर जाते, काही कळत नाही.”

“काळजी करू नका. पुलापर्यंत मैत्रिणी असतात. पुढे एकटीच जाते, पण झपाझप जाते.”

भिंगरी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एकदा सराव संपल्यावर ती बाईंजवळ घुटमळली.

“बाई, स्पर्धेला घरून पाठवतील की नाही, काय माहीत.”

“ते माझ्यावर सोड,” बाई हसून म्हणाल्या. “तू नुसती धाव.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी धावताना तिच्या बुटाचा तळ उघडला. बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि तडक कुंपण गाठलं.

“नवे बूट लागतील. उद्यावर ढकलून चालणार नाही.”

“मग आजच घेऊ,” तो म्हणाला. त्याने मोटारसायकलची किल्ली काढली. “पाठवा तिला मागच्या गेटवर. बाजारात नेतो, लगेच घेऊन टाकू.”

बाईंना भरून आलं. कोण करतं पोरीच्या खेळासाठी एवढं? त्या लगबगीने बाकाकडे आल्या.

“ऊठ, दप्तर घे. मागच्या गेटवर थांबलेत ते. बूट घ्यायला जायचंय.”

“कोण?”

“रोज तिथे उभे असतात ते. ठाऊक आहे मला सगळं. घाबरू नकोस, मी बोललेय त्यांच्याशी. ते अजिबात चिडलेले नाहीत.”

भिंगरी उठली. उघडा बूट फरपटत चालायला लागली. गेटबाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती जागीच थांबली आणि मागे वळली.

“बाई, तुम्ही पण चला ना.”

“मी कशाला? मुलींना सोडून कशी येऊ?”

“पण मी एकटी कशी जाऊ त्यांच्याबरोबर?” भिंगरी रडवेली झाली. “रोज तुमच्याशी बोलतात, म्हणून मला वाटलं, ते तुमचे कोणीतरी आहेत.”