पोचार

"पुन्हा लाल केलास!" मालकीण बेगोन्यानं तिसऱ्यांदा कढई रिकामी केली.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या या रेस्टॉरंटात लागल्यापासून पोचार हा शब्द गुणाजीच्या मानगुटीवर बसला होता. कांदा मंद आचेवर, रंग न चढू देता, लोण्यासारखा मऊ करायचा, ते पोचार. लिबलिबीत झालेलं फळ पोचो, आणि तोंड उतरलेला माणूसही पोचोच. पण गुणाजी शिकला होता मालवणात, वडिलांच्या खानावळीत. कांदा लाल झाल्याशिवाय वडील पुढचं काही घालू देत नसत. आज सकाळीच त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. फोन वाजत नव्हता, आणि हात सारखा आच वाढवत होता.

"पोचो दिसतोयस," बेगोन्या म्हणाली. "घरी काय झालंय?"

त्यानं सांगितलं. आता ही आपल्याला घरी पाठवणार, असं त्याला वाटलं. तिनं नवा कांदा टाकला, आच बारीक केली आणि त्याचा फोन घेऊन स्वतःच्या एप्रनच्या खिशात घातला.

"तू हलव. वाजला की देते."

अर्ध्या तासानं वाजला, तेव्हा तिनंच तो त्याच्या कानाला लावला. पलीकडे बहीण एकदम हसत-रडत होती. "बाबा शुद्धीर इले रे! डोळे उघडल्याबरोबर इचारल्यानी, कांदो लाल झालो काय?"

गुणाजीनं कढईत पाहिलं. कांदा पांढरा, मऊ पडला होता.

"झालो म्हणान सांग," तो म्हणाला.