देवळातलं जपानी

मंदीत पर्यटक येईनासे झाले आणि जपानी पाहुण्यांना महाबलीपुरमची शिल्पं दाखवणारी तुळजा घरी बसली. शेवटी ती श्रीपेरुंबुदूरच्या एका जपानी कारखान्यात दुभाष्याचं काम मागायला गेली. मॅनेजर म्हणाले, "देवळातलं जपानी इथे चालणार नाही, मॅडम." तेवढ्यात यंत्रांपाशी आरडाओरडा झाला. जपानी इंजिनिअर तावातावाने बोलत होता आणि तमिळ कामगार अपमानाने काम टाकून निघाला होता. तुळजा न विचारताच मध्ये शिरली. इंजिनिअरचं म्हणणं ऐकून तिने कामगाराला तमिळमध्ये सांगितलं, "अण्णा, ते रागावले नाहीत, घाबरलेत. तुमचा हात यंत्रात सापडता सापडता वाचला." कामगार थांबला. त्याने हात जोडले. इंजिनिअर कमरेत वाकला. मॅनेजरांनी हेल्मेट पुढे केलं. "उद्यापासून या. कंपनीची बस तांबरमहून सुटते." हेल्मेट डोक्यावर चढवत तुळजा म्हणाली, "उद्या कशाला, सर? आजची शिफ्ट बाकी आहे."