वस्तीपर्यंत

भैरू कोकरेची जुनी स्टेशन वॅगन डोंगराच्या पायथ्याशीच उभी असायची. वरच्या वस्तीपर्यंत ती चढत नसे. म्हणून त्याच्या आजारी बायकोला, पारूला, डोलीतून खाली उतरवावं लागलं. ती वाटेतच गेली.

दिवसकार्य उरकल्यावर त्याने भंगारातल्या जीपचे स्प्रिंगचे पाटे बसवून गाडी उंच करून घेतली, जुनेच पण रुंद टायर चढवले.

“आता कुणासाठी?” भावाने विचारलं. भैरूला रडू येत नव्हतं. हात तेवढे चालत होते.

आषाढात शेजारच्या सुनेला कळा लागल्या. दगड-चिखल तुडवत गाडीने तिला वेळेत दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली.

तिच्या सासूने भैरूचा हात धरला. “तुझी पारू आज असायला हवी होती.”

“बाळाला वर न्यायला कधी येऊ, तेवढं सांगा, काकू,” तो म्हणाला.