बायकांचा विषय

आमच्या एल्गन डोंगरावर जी सुंतेच्या सुरीखाली गेली नाही, ती चार लेकरांची आई झाली तरी पोरच. तिने धान्याच्या कणगीवर चढायचं नाही, गोठ्यातलं शेण उचलायचं नाही आणि चारचौघींत तोंड उघडायचं नाही. चेप्तोयेक अशीच एक, तरीही बायकांच्या बैठकीत उभी राहिली.

"लेकींना कापणं आता बंद करूया," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण त्यातच गेली. रक्त थांबलंच नाही."

म्हातारी यापसिवा आमच्यात सगळ्यात मानाची. तिने मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "पोरी, खाली बस. हा बायकांचा विषय आहे."

सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. चेप्तोयेक खाली बसली.

डिसेंबरचा सुंतेचा हंगाम उरकला आणि पुन्हा बैठक भरली. या खेपेला चेप्तोयेक भिंतीला टेकून उभी होती. बोलली तेच, शब्दसुद्धा तेच. पण हसलं कुणी नाही. एकीने बहिणीचं नाव विचारलं, दुसरीने मनगटाने डोळे पुसले.

"बाई खरं बोलतेय," शेवटी यापसिवा म्हणाली. "यंदा कापल्या त्या शेवटच्या. आता पुरे."

मग तिने सरकून आपल्या शेजारी जागा केली. "ये गं बाई, बस इथे. केव्हाची उभी आहेस."

"अजून बसवत नाही, आजी," चेप्तोयेक म्हणाली. "जखम ओली आहे."