सुभेदारांचं काडतूस

खंडेनवमीच्या पूजेसाठी नव्या सुनेनं, हौसानं, पितळी भांड्यांसोबत सुभेदार सासऱ्यांचं जर्मन काडतूसही चिंचेच्या पाण्यात टाकून चुलीवर उकळत ठेवलं.

"अगं, जिवंत आहे ते!" सासूबाई ओरडल्या आणि घरदार अंगणात पळालं. हौसा मात्र चुलीपाशीच राहिली. इटलीच्या लढाईतून आणलेल्या त्या काडतुसाला सुभेदार कुणाला हात लावू देत नसत.

सुभेदार आत आले. त्यांनी चिमट्यानं काडतूस काढलं, धोतराला पुसलं आणि त्याचं टोक उपसून तिच्यापुढे धरलं. आत नुसती पोकळी.

"लेकराबाळांच्या घरात जिवंत ठेवीन व्हय मी?" ते पुटपुटले. "दारू तिकडंच काढली. पण कुठं बोलू नगंस."

मग अंगणात जाऊन ते गरजले, "थोडक्यात वाचलो!"

तोंडात पदर कोंबूनही हौसाला हसू आवरेना.