माळा सोडून

“खिडकीसमोर नको गो, त्या कोपऱ्यात लाव,” मुरारीने ओटीच्या डाव्या अंगाला बोट केलं. “चोर दारातून शिरला की डबीसमोरून आडवा जाईल. आडवा गेला की लगेच कळतं म्हनालीस ना?”

“हो काका. सरळ अंगावर येणारा जरा उशिरा कळतो.” निशिगंधा स्टुलावर चढली आणि तिने भिंतीला ड्रिल लावलं.

महाडहून स्कूटीवर आलेली ही पोर मुरारीला पहिल्या चहालाच आवडली होती. सांगेल तिथे डबी लावत होती. उलट प्रश्न नाही. डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी, पांढरी. समोर गरम अंगाचं काही हललं की भोंगा बोंबलणार आणि मालकाचा फोन वाजणार.

मालक रामजी. भांडुपला असायचा, वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी घराची किल्ली शेजारच्या मुरारीकडे. गेल्या आठवड्यात रामजीचा फोन आला.

“मुरारी, लय चोऱ्या व्हायला लागल्यात रे. अलार्म बसवतोय. तू उभा राहून लावून घे. चोर कुठून येतो ते तुझ्याइतकं कोनाला ठाव?”

मुरारी खो-खो हसला. फोन ठेवला आणि मग त्याने कपाळावर हात मारला.

कारण पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या या वाडीत रामजीकडे एकच चोर येत होता. एकेचाळीस वर्षं, दर शिमग्याला.

वाडीची रीतच तशी. होळीत पडेल ते लाकूड चोरीचंच हवं, मागून आणलेलं चालत नाही. ज्याचं गेलं त्याने होळीपुढे उभं राहून आपली वस्तू ओळखायची, चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मग त्याच्याच हातचं खोबरं खायचं. पण चोर घरात सापडला तर? मग तोंडाला राख फासून, लुगडं नेसून पालखीपुढे नाचायचं. गणू नाचला होता. चांगू तर दोनदा नाचला. मुरारी कधीच नाही. चोर मुरारी, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. तो आत शिरतो कुठून, हे मात्र त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी त्याने रामजीच्या आज्याचा जेवायचा पाट उचलला. म्हातारा आठवडाभर जमिनीवर बसून जेवला आणि दर घासाला शिव्या घालत राहिला. मग मुसळ गेलं, बैलगाडीचं जू गेलं, रामजीच्या लग्नातला चौरंग गेला. पुढे बैल गेले, पोरं मुंबईला गेली, पुरुषभर उंचीची होळी कमरेला आली. मुरारीने नेम सोडला नाही. गेल्या साली त्याने रामजीच्या सुनेचा चपला ठेवायचा रॅक जाळला. रामजीने अशा शिव्या हासडल्या, की मुंबईची नातवंडं तोंडात बोटं घालून ऐकत राहिली. आजोबांना हे येतं? होळीभोवती पाच-सहा पिकली डोकी होती, पण तेवढ्यापुरती सगळी पंधरा वर्षांची झाली होती.

आणि आता या डब्या. एक जरी नको तिथे बसली तरी खेळ आटोपला. ह्या वयात लुगडं नेसायचं मुरारीला फारसं काही वाटत नव्हतं. पण एकदा सापडला की पुढच्या साली चोरायला मजा कसली?

म्हणून त्याने ठरवलं होतं. सगळं घर स्वतः दाखवायचं, इमानदारीत. एकच जागा सोडायची.

“माजघरात दारावर लाव. हां, तिथंच.”

“बरं.”

“सैपाकघरात चुलीकडं तोंड नको. धगीनं बोंबलंल.”

“बरोबर, काका.”

“न्हाणीच्या खिडकीचा गज ढिला हाय. लहानपणी गणू तिथनं शिरला नि कमरंत अडकला. रामजीच्या आयनं त्याला तसाच ठेवला सकाळपर्यंत, वर च्या पाजला.”

निशिगंधा हसत हसत स्क्रू पिळत होती. न्हाणी झाली, मागलं दार झालं. पोर अगदी साधी हाय, मुरारीने मनात म्हटलं.

मग तिने वर पाहिलं. “वर माळा आहे ना?”

“हाय. पण तिथं काय नाय गो. फाटी नि मोडकं सामान. उंदीर धावतात, तुझा भोंगा रोज बोंब मारील.”

तिने घटकाभर माळ्याकडे बघितलं, एकदा मुरारीकडे बघितलं.

“राहू दे मग,” ती म्हणाली आणि ड्रिल पिशवीत टाकलं.

मुरारीला शीळ घालावीशी वाटली. घराला लागून असलेल्या रिकाम्या गोठ्याच्या भिंतीत, उंचावर, पेंढा वर द्यायची खिडकी होती. दोन हात रुंद. तिच्यातून अंग सरपटवलं की थेट माळा. मोडकं सामान, खुर्च्या, पेट्या, सगळी लाकडं हाताशी. खाली उतरायचं कामच नाही. यंदा कुठली खुर्ची न्यायची, तेही त्याने ठरवून टाकलं.

निशिगंधाने त्याला प्रत्येक खोलीतून चालायला लावलं. प्रत्येक खोलीत भोंगा बोंबलला, समोरची ठमाबाई दोनदा धावत आली, आणि मुरारी लग्नातल्या करवल्यासारखा मिरवून घेत होता.

“काका, इथे सही करा,” निशिगंधाने एक कागद पुढे केला. “सगळं यादीप्रमाणे झालं ना, तेवढं बघून.”

“कसली यादी?”

“रामजीकाकांनी आधीच लिहून पाठवलीय.”

मुरारीने कागद हातभर लांब धरला. रामजीचं ते शाळेपासूनचं वाकडं अक्षर.

‘१. ओटी, डावा कोपरा.

२. माजघर, दारावर.

३. स्वयंपाकघर, चुलीकडे तोंड नको.

४. न्हाणीची खिडकी.

५. मागलं दार.

६. माळ्यावर काही लावू नये. मुरारी गोठ्याच्या खिडकीतून येतो. हल्ली चढताना त्याला फार धाप लागते, खाली माझी झोप मोडते. तिथे एक भक्कम शिडी लावून द्यावी.’