एक कोटी एक

टाळ्या थांबायचं नाव घेत नव्हत्या आणि मास्तरांना स्टेजवरच्या खुर्चीत बसवत नव्हतं.

"याला म्हणतात प्रामाणिकपणा!" अध्यक्ष माईकवर गरजले. "सरांनी चूक स्वतः शोधली आणि स्वतःच सांगितली!"

निवृत्त मास्तरांनी ध्यास घेतला होता तो एकाच संख्येचा. एक कोटी एक. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही तिला भाग जात नाही, असा त्यांचा दावा. त्यापायी वर्षभर हातानं भागाकार केले. तीननं, सातनं, असं करत पार तीन हजारांच्या पुढं गेले. कॅल्क्युलेटर म्हणे आळशांसाठी. जुन्या विद्यार्थ्यांनी कौतुकानं सत्कार ठरवला. आणि आज सकाळी कळलं, की सुरुवातीलाच अकराच्या भागाकारात वजाबाकी चुकली होती. अकरानं निःशेष भाग जातो. एकाआड एक अंक घेऊन शेंबडं पोरही सांगेल.

कळलं म्हणजे सुनेनं सांगितलं. ती कॉलेजात गणित शिकवते.

"बाबा, निघायच्या आधी अकरा एकदा तपासता का?"

"माझी परीक्षा घेतेस?" मास्तर खेकसले होते. मग न्हाणीघराची कडी लावून त्यांनी तोंडी हिशोब केला आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

स्टेजवर त्यांनी चूक कबूल केली खरी, पण 'माझ्या लक्षात आलं' असं म्हणाले. सुनेचं नाव ओठांवर येऊन परत गेलं. चोरी ती चोरी, आणि वर गळ्यात हार! पहिल्या रांगेत सूनही टाळ्या वाजवत होती. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

हॉल रिकामा झाला तेव्हा कुठं त्यांना धीर आला. समोर खुर्च्या रचणारा एकटाच माणूस होता. मास्तरांनी त्यालाच गाठलं.

"अहो, ती चूक मी नाही शोधली. माझ्या सुनेनं शोधली."

"बरं," तो म्हणाला. "तेवढी खुर्ची सरकवा इकडं."

मास्तरांनी खुर्ची सरकवली. वळून बघतात तो मागं सून उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चुकलो गं पोरी," मास्तर म्हणाले. "सकाळी तू चूक पकडलीस, आणि मी..."

"सकाळी नाही, बाबा. मला ती पहिल्याच दिवशी दिसली होती. पण आई गेल्यावर तुम्ही अन्न टाकलं होतं. या भागाकारांना लागलात आणि पुन्हा पानावर बसायला लागलात. घरात चालून जात होतं हो. आज लोक हसले असते."